जुन्या कस्टम गाडीचं छत उतरवताना: मोजमापापासून शिसं भरण्यापर्यंत

जुन्या गाडीची बॉडी बदलायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ग्राइंडरच्या ठिणग्या येतात. खरं तर कापणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम. सगळी तयारी झालेली असेल तर छत एका दुपारीही सुटं होतं. मग त्याच गाड्या वर्षानुवर्षं प्रायमरमध्ये का पडून राहतात? कारण कापण्याआधी एक प्रश्न विचारलेला नसतो: जोड कुठे येणार, आणि त्या जोडाच्या मागे माझा हात पोचणार का? ज्या जोडापाशी बाहेरून हातोडी आणि आतून डॉली, म्हणजे पत्र्यामागे धरायचा पोलादी ठोकळा, पोचते, तो सरळ करता येतो. जिथे हात पोचत नाही तिथे पुट्टी भरावी लागते, आणि ती पुढे कधीतरी आपलं रूप दाखवतेच.

हा लेख १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या अमेरिकन गाड्यांपुरता आहे. कस्टमची, म्हणजे मूळ गाडी कापून-बदलून मनासारखी घडवण्याची, परंपरा ज्यांच्यावर उभी राहिली त्या याच. बॉडी खालच्या चासीवर बोल्टने बसवलेली, आणि पत्रा साधारण ०.९ ते १ मिलिमीटर जाड. आजच्या गाड्यांचा पत्रा ०.७ च्या आसपास असतो. हा दोन-तीन दशांश मिलिमीटरचा फरक हातोडीखाली लगेच जाणवतो. जुना पत्रा ठोकून घेतो, माफही करतो. मुख्य काम चॉपचं, म्हणजे छत पेलणारे खांब (पिलर) कापून आखूड करून छत खाली आणण्याचं, धरलं आहे. ते जमलं की बाकीचे बदल त्याच तत्त्वांवर होतात.

गाडी कोणती?

पहिलंच छत असेल तर सरळ उभ्या पिलरची गाडी निवडा. १९२८ ते १९३१ ची फोर्ड मॉडेल ए यासाठी उत्तम. पिलर जवळजवळ उभे, काचा सपाट, छताच्या मधोमध पत्राच नाही, कापडी आच्छादन. अखंड पोलादी छत जनरल मोटर्सने १९३५ च्या मॉडेलांपासून आणलं, फोर्डने १९३७ मध्ये. तिथून पुढे गाड्या गोलाकार होत गेल्या आणि चॉप अवघड होत गेला. १९४९ ते १९५१ ची मर्क्युरी ही कस्टमवाल्यांची लाडकी, पण तिचं छत सगळ्या बाजूंनी वळलेलं आहे. मॉडेल एचा अनुभव तिथे निम्माच कामाला येतो.

आधी काच, मग कागद

पहिला निर्णय पत्र्याचा घेऊ नका, काचेचा घ्या. सपाट लॅमिनेटेड काच, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा असलेली, काचवाला साच्यावरून कापून देतो. टेम्पर्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, काच कापता येत नाही; कापायला गेलात तर तिचे दाणे होतात. वक्र लॅमिनेटेड काच कापणारे कसबी लोक आहेत, पण तडा गेला तर दुसरी मिळणार का, हे आधी बघा. मागची वक्र काच शहाणे लोक कापतच नाहीत. चौकटीसकट वेगळी काढतात आणि जास्त आडवी करून बसवतात. पुढच्या काचेच्या जागी ॲक्रिलिक लावून वेळ मारून नेणं हा प्रकार मात्र नको. तिथे लॅमिनेटेडच हवी.

मग गाडीचा बाजूने फोटो काढा. कॅमेरा कमरेच्या उंचीवर, गाडीच्या मध्यावर रोखलेला, आणि अंतर जमेल तितकं जास्त. जवळून काढलेल्या फोटोत प्रमाणं खोटी दिसतात. मोठी छपाई करा, कात्रीने छत कापून खाली सरकवा, चिकटवा. २, ३ आणि ४ इंचांचे वेगवेगळे कागद करून भिंतीवर लावा आणि काही दिवस येता-जाता बघत राहा. माझं मत विचाराल तर ३ इंच बहुतेक गाड्यांना पुरतात. त्याच्या पुढे गाडी फोटोत देखणी आणि चालवताना त्रासदायक होत जाते. सीटवर बसून पुढच्या काचेवर वरून तेवढ्या उंचीची कागदी पट्टी चिकटवा. सिग्नल बघायला मान वाकवावी लागली तर एक तर सीट खाली घ्यायला हवी, नाहीतर हट्ट सोडायला हवा.

कापण्याआधीचा पाया

गंजलेल्या गाडीचं छत कापू नका. सिल (दरवाजाखालची पत्र्याची पेटी), फरशी, बॉडी जिथे चासीवर बसते त्या जागा आणि दरवाजांच्या बिजागऱ्यांमागचा पत्रा हे सगळं आधी दुरुस्त झालेलं हवं. दरवाजे अडखळत लागत असतील तर तेही आताच सरळ करा, सगळीकडच्या फटी सारख्या होईपर्यंत. आजची वाकडी फट चॉपनंतर आणखी वाकडी दिसते, आणि मग चूक जुनी की नवी हे कळायला मार्ग उरत नाही.

आता गाडी सपाट जमिनीवर चार स्टँडवर घ्या. स्टँड चासीखाली, ॲक्सलच्या जवळ, म्हणजे गाडीचं वजन नेहमीसारखंच पडेल. बॉडीचे सगळे बोल्ट आवळलेले. पाणसळ लावून चासी दोन्ही दिशांनी सपाट करून घ्या. यापुढे स्टँड हलवायचे नाहीत.

आतून आधार द्यायला २५ मिलिमीटरची चौकोनी नळी पुरते. प्रत्येक दरवाजाच्या उघडीत एक आडवी आणि एक तिरपी. डावीकडून उजवीकडे, कापाच्या रेषेखाली, एक. डॅशबोर्डपासून मागच्या सीटच्या पाठीपर्यंत एक. आधार असा बसवा की दरवाजे लावता-उघडता येतील. दरवाजे काढून ठेवून आधार मारणारे बरेच दिसतात आणि शेवटी दरवाजे बसत नाहीत म्हणून रडतात. दरवाजा हे या कामातलं सगळ्यात मोठं मोजमाप आहे.

बॅटरी काढा, पेट्रोलची टाकी गाडीतून बाहेर काढून लांब ठेवा, सीट, छताचं कापड, वायरी, काचांच्या खाचा, रबरं सगळं बाहेर. पत्र्याला आतून चिकटवलेला डांबरी थर कापाच्या आणि वेल्डिंगच्या आसपास खरवडून काढा. तो पेटतो आणि धुमसत राहतो. त्या काळच्या रंगात आणि प्रायमरमध्ये शिसं असण्याची शक्यता भरपूर, म्हणून कोरडा घासून धूळ उडवण्यापेक्षा रसायनाने किंवा ओला घासून काढा, तोंडावर योग्य फिल्टरचा मास्क लावून. आणखी एक सूचना: क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वापरून पत्रा पुसू नका. वेल्डिंगच्या उष्णतेत त्यातून फॉसजीन हा विषारी वायू तयार होतो. ॲसिटोनने पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच आग जवळ आणा.

झुकावाचं गणित

इथे थोडं थांबू, कारण निम्मे चॉप इथेच फसतात.

पुढचा पिलर वर जाताना मागे झुकतो. समजा हा झुकाव उभ्या रेषेपासून २० अंश आहे आणि तुम्ही ७५ मिलिमीटर, म्हणजे साधारण ३ इंच, काढून टाकले. छत सरळ खाली आणलंत तर वरचा तुकडा खालच्या तुकड्यापेक्षा सुमारे २७ मिलिमीटर मागे पडतो. झुकाव ३० अंश असेल तर ४३ मिलिमीटर. मागच्या पिलरचा झुकाव उलटा, त्यामुळे तिकडे वरचा तुकडा पुढे पडतो. थोडक्यात, छत लांबीला अपुरं पडतं. रुंदीलाही तेच. बाजू वर जाताना आत कलतात. हा कल ८ अंशांचा असेल तर त्याच ७५ मिलिमीटरला प्रत्येक बाजूला दहा-अकरा मिलिमीटरचा फरक.

यावर तीन उपाय. पहिला, पुढच्या पिलरच्या बुंध्याशी पाचरीसारखा काप घेऊन पिलर आणखी मागे कलवणं. काच जास्त तिरपी होते आणि ते बहुधा चांगलंच दिसतं, पण दरवाजाच्या चौकटीचा पुढचा भागही तितकाच कलवावा लागतो. दुसरा, छत आडवं कापून मध्ये पट्टी घालून लांब करणं. तिसरा, मागची काच चौकटीसकट सुटी करून पुढे कलवणं आणि छत पुढच्यापेक्षा मागे जास्त उतरवणं. कॅलिफोर्नियातले कस्टम कारागीर बॅरिस बंधू यांच्या दुकानात १९५२ मध्ये बॉब हिरोहाता यांच्यासाठी घडलेली १९५१ ची मर्क्युरी याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण: पुढून सुमारे ४ इंच, मागून सुमारे ७. छत पुढून मागे एका दमात वाहत जातं ते या फरकामुळे.

प्रत्यक्षात तिन्हींचं मिश्रण होतं. पण निवड असेल तेव्हा मी छताच्या मधल्या भागाला हात लावणार नाही. तिथला पत्रा मोठा आणि जवळजवळ सपाट, आणि सपाट पत्र्यातल्या लांब जोडाइतकं चिवट दुखणं दुसरं नाही. पिलर आणि मागचा कोपरा वळणदार असतात, आकारामुळेच ताठ राहतात, वेल्डिंगची उष्णता सोसतात. छत कापणं टळतच नसेल तर काप मधल्या पिलरच्या रेषेत, जिथे आतून उभं राहून दोन्ही हात वापरता येतील असा घ्या. आतली आडवी पट्टी आड येत असेल तर तिचे जोड तात्पुरते सोडवा, नंतर परत बसवा.

खुणा आणि काप

कापाची जागा पिलरचा आडवा छेद जिथे वर-खाली सर्वांत सारखा राहतो तिथे. बारीक चिकटपट्टीने दोन रेषा आखा, मध्ये काढायचा भाग रेघोट्यांनी भरा. मग खरी खूण: दोन्ही रेषांच्या बऱ्याच वर आणि खाली पंचने एकेक ठिपका मारा, दोन ठिपक्यांतलं अंतर बरोबर ३०० मिलिमीटर. प्रत्येक पिलरवर असेच. ७५ काढल्यावर हे अंतर २२५ यायला हवं. पट्टी निघून जाते, पेनची खूण ग्राइंडरखाली जाते, ठिपका राहतो. पिलर नंतर कलवणार असाल तर त्या पिलरचं अंतर बदलेल हे वहीत आधीच लिहून ठेवा. पुढच्या काचेच्या चौकटीचे दोन्ही कर्णही मोजून ठेवा.

पिलर म्हणजे बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा मिळून झालेली पोकळ पेटी. दोन्हींचे काप एकाच उंचीवर घेऊ नका. आतला काप बाहेरच्यापेक्षा ३०-४० मिलिमीटर वर किंवा खाली. जोड पायरीसारखा येतो, मजबूत होतो, आणि बाहेरचा पत्रा लावण्याआधी आतलं वेल्डिंग नीट करायला जागा मिळते.

१ मिलिमीटर जाडीची कटिंग डिस्क वापरा आणि काप रेषेच्या टाकाऊ बाजूने घ्या. उरलेलं कानसून रेषेपर्यंत आणता येतं. गेलेलं परत येत नाही. वळणांवर बारीक पात्याची करवत बरी. छत उचलायला चार माणसं हवीत. वजनापेक्षा आकाराची भीती जास्त: आधाराशिवाय सुटं छत स्वतःच्या भाराने पसरतं. म्हणून उचलण्याआधी त्याच्याही आतून, डावीकडून उजवीकडे, दोन नळ्या टाक्यांनी, म्हणजे वेल्डिंगच्या छोट्या ठिपक्यांनी, लावून घ्या.

टाके घालून थांबा

छत नव्या उंचीवर ठेवलं की सगळे पिलर एकमेकांना चुकलेले दिसतील. घाबरू नका, गणितात हेच होतं. आधी पुढच्या काचेची वरची पट्टी दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर आणा, मग पुढचे पिलर जुळवा, मग मधले, शेवटी मागचा भाग. प्रत्येक जोडावर दोन-तीन टाके, त्याहून जास्त नाही. पंचचे ठिपके मोजा, काचेच्या चौकटीचे कर्ण मोजा. डाव्या-उजव्यात दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर टाके तोडा.

मग स्टँड न हलवता गाडीवर भरपूर उजेड पाडा, भोवती जागा मोकळी करा आणि लांब जा. छताच्या पन्हळीची, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या कडेच्या खाचेची, रेषा पुढून मागे कुठेही न मोडता जाते का? मागच्या खिडकीचा कोपरा डिकीच्या उताराशी भांडत नाही ना? मोजमाप बरोबर आणि नजर नाराज, असं झालं तर नजरेचं ऐका. टाके तोडायला काही मिनिटं लागतात.

दरवाजांच्या चौकटी आता कापा, आणि मापावरून कापू नका. दरवाजा लावून चौकट नव्या उघडीत बसवा, फट सगळीकडे सारखी करा, तिथेच टाके मारा. काचेच्या पुढच्या आणि मागच्या खाचा समांतर राहिल्या पाहिजेत, नाहीतर काच अर्ध्यावर अडकेल. पातळ प्लायवूडची काचेच्या आकाराची फळी कापून ती वर-खाली करून बघा. काच कापायला देताना हीच फळी साचा होते.

पिलरचं आतलं वेल्डिंग भरीव हवं. हा सांगाडा आहे. पोकळीत जाड पत्र्याची वळवलेली पट्टी सरकवून दोन्ही बाजूंना जोडा, आणि वरचा पत्रा बंद करण्याआधी वेल्डिंगला चालेल असा झिंक प्रायमर आत फवारा. इथे मिग, म्हणजे तार आपोआप पुढे सरकवणारं विजेचं वेल्डिंग, उत्तम.

तापणारा पत्रा

बाहेरच्या दिसणाऱ्या जोडांना वेगळा विचार लागतो. टाका मारला की तिथला पत्रा तापून पसरू पाहतो. चहूबाजूंचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून तो जागच्या जागी जाड होतो. थंड होताना मात्र आकुंचन पुरेपूर होतं. शेवटी जोडाच्या रेषेवर पत्रा आधीपेक्षा आखूड झालेला असतो आणि आजूबाजूचा भाग सुरकुततो किंवा आत बसतो. वेल्डिंग करताना पत्रा ‘वाकडा होतो’ म्हणतात ते हेच. कितीही काळजी घ्या, हे टळत नाही. ते परत ताणून काढावं लागतं.

म्हणून वेल्ड असा हवा की जो हातोडी सोसेल. मिगचा जोड जलद होतो, पण कडक आणि उंच बसतो. ठोकायला गेलं तर कडेने चिरतो. टिगचा, म्हणजे टंगस्टनच्या टोकाने तापवून तार हाताने घालायच्या विजेच्या वेल्डिंगचा, जोड बराच मऊ. ऑक्सी-ॲसिटिलीनचा सर्वांत मऊ; जुन्या कारागिरांनी तो गरम असतानाच ठोकून सपाट केला. मात्र गॅसने तापणारा पट्टा रुंद असतो आणि हात सरावाचा लागतो. माझी शिफारस टिग, ईआर७०एस-२ तारेसह. दोन कडा एकमेकींना फट न ठेवता भिडलेल्या हव्यात, प्रकाशाची तिरीपही दिसता कामा नये. मिगच वापरायचा तर ०.६ मिलिमीटरची तार आणि पत्र्याच्या जाडीएवढी फट. एकावर एक चढवलेला जोड कधीच नको: आत पाणी साचतं आणि उन्हात रंगाखाली रेघ उमटते.

क्रम असा: २५ मिलिमीटरवर टाके. टाका मारला, थंड झाला, आतून डॉली धरली, बाहेरून हलके ठोकले, पुढचा टाका. कडा वर-खाली झाल्या असतील तर आत्ताच सारख्या करा. मग दोन टाक्यांमधलं अंतर भरायचं. एकदम लांब पट्टा न मारता छोटे तुकडे घ्या आणि प्रत्येकानंतर ठोका. पाण्याने किंवा हवेने घाईघाईत थंड करण्याचा मोह टाळा.

ठोकण्यात आवाजाकडे लक्ष द्या. डॉली जोडाच्या बरोबर मागे असेल आणि हातोडी तिच्यावर बसली तर भरीव ‘टण’ येतो, आणि हाताला डॉली उडी मारल्यासारखी जाणवते. पत्रा दोन पोलादांमध्ये चेपून पातळ होतो, म्हणजेच ताणला जातो. डॉली बाजूला असेल तर आवाज ‘थप’ असा पोकळ येतो. तेव्हा पत्रा ताणला जात नाही, नुसता हलतो. उंचवटा खाली आणि शेजारचा खळगा वर घ्यायचा तर हे दुसरं तंत्र. जोड लांब करायचा तर पहिलं. आणि ठोकायचं ते जोडावर आणि त्याच्या कडेच्या निळसर झालेल्या पट्ट्यावर. बाहेरचा पत्रा निर्दोष आहे, त्याला शिक्षा नको.

जोडाशेजारचा सपाट भाग बोटाने दाबल्यावर ‘टॉक’ करून आत जात असेल आणि सोडल्यावर परत येत असेल, तर नवशिका समजतो की पत्रा सैल झाला, आणि मधला भाग तापवून आकसवायला जातो. बहुतेक वेळा रोग उलटा असतो: मधला पत्रा ठीक आहे, जोड आखूड आहे. जोड थोडा थोडा ताणत जा, हा ‘टॉक’ आपोआप शांत होतो. खरोखरच ताणलेला भाग असेल, उदाहरणार्थ जुन्या अपघाताचा पोचा कुणीतरी बेदम ठोकून काढलेला, तरच नाण्याएवढा ठिपका मंद लाल होईपर्यंत तापवा, मोगरीने हलकेच बसवा आणि लाली उतरल्यावर ओली चिंधी लावा. एक ठिपका, मग तपासणी.

तपासणी हाताने. तळव्यावर पातळ कापड किंवा सुती हातमोजा घेऊन लांब, सरळ, सावकाश फिरवा. नजरेला न दिसणारा अर्ध्या मिलिमीटरचा चढ तळव्याला कळतो. मग बॉडीची लांब कानस तिरपी फिरवा: चमकलेले भाग उंच, काळे राहिलेले खोल. खोल भाग मागून उचला, परत कानस. उंच भाग कानसून पातळ करत सुटू नका, पत्रा मिलिमीटरभरच आहे.

नवा तुकडा घडवणं

मागच्या काचेच्या दोन्ही बाजूंना तिकोनी मोकळ्या जागा उरतील. त्यांच्यासाठी पत्रा घडवावा लागतो. आधी जाड कागद त्या जागेवर दाबून बसवा. कागदाला जिथे चुण्या पडतात तिथे पत्रा आकसवायचा; कागद जिथे कापल्याशिवाय बसत नाही तिथे ताणायचा. चुणी आणि चीर, दोन्हींची नोंद कागदावरच करा. मग तोच नमुना पत्र्यावर ठेवून सगळीकडून थोडा मोठा कापा.

ताणण्यासाठी वाळूची पिशवी आणि मोगरी, किंवा असेल तर इंग्लिश व्हील, म्हणजे दोन चाकांमध्ये पत्रा फिरवून ताणायचं यंत्र. कडा आकसवण्यासाठी हातयंत्र मिळतं, नाहीतर कडेला चुणी पाडून ती मोगरीने स्वतःवरच बसवायची. तुकडा न धरता, न दाबता जागेवर स्वतःहून बसला पाहिजे. दाबून बसवलेला तुकडा वेल्डिंगनंतर सूड घेतो. आकार जमल्यावरच कडा अंतिम रेषेवर कापा. एकच मोठा तुकडा हाताळता येत नसेल तर दोन करा. जोड वळणात टाका, सपाटीवर नाही.

शिसं

पुट्टीचा जमाना १९५० च्या दशकाच्या मध्यापासूनचा. त्याआधी सगळे शिसंच भरत, आणि जोड झाकायला ते आजही उत्तम आहे, कारण ते पत्र्याशी एकजीव होतं आणि कडेशी चिरत नाही. पण ते पाव इंचाचे खड्डे बुजवायला नसतं. ठोकून पत्रा एक-दीड मिलिमीटरच्या आत आणा, उरलेलं शिशाने.

नेहमीची कांडी ७० टक्के शिसं आणि ३० टक्के कथलाची. ही १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागते, पण पूर्ण पातळ व्हायला २५० च्या पुढे जावं लागतं. मधल्या पट्ट्यात ती लोण्यासारखी थापता येते. सगळं कौशल्य या पट्ट्यात राहण्याचं.

पत्रा चकचकीत उघडा करा. वेल्डमधली बारीक छिद्रं आधी बुजवा. शिसं त्यांच्यावरून जातं, पण खालून हवा आणि ओल येत राहते. मग फ्लक्समिश्रित (फ्लक्स म्हणजे पत्रा स्वच्छ करून धातू धरायला लावणारं आम्लयुक्त रसायन) कथलाची पेस्ट लावून मऊ, पिवळसर ज्योतीने तापवा आणि पेस्ट तपकिरी होऊन चमकू लागली की स्वच्छ सुती फडक्याने पुसा. पत्र्यावर चांदीसारखी सलग कल्हई दिसायला हवी. एखादा करडा ठिपकाही सोडू नका, तिथे शिसं धरणार नाही. मग ओल्या फडक्याने फ्लक्स पूर्ण धुऊन काढा.

आता ज्योत पत्र्यावर आणि कांडीवर आलटून पालटून. कांडीचं टोक लवलं की दाबून गोळा चिकटवा. असे गोळे जोडावर ठेवत जा, मग ज्योत हलकेच फिरवत लाकडी थापीने पसरवा. थापीला मधमाशांचं मेण किंवा चरबी चोळलेली हवी, नाहीतर शिसं लाकडाला चिकटेल. उभ्या पिलरवर शिसं ओघळू लागलं तर ज्योत जास्त झाली. खडबडीत, दाणेदार झालं तर कमी. थोडं जास्तच भरा.

थंड झाल्यावर वक्र दातांच्या बॉडी-कानशीने उतरवा. ग्राइंडर किंवा सँडर शिशावर अजिबात लावायचा नाही. त्या धुळीचा विषार शरीरात साठत जातो. कानशीचा कीस जड असतो, खाली पडतो. कागदावर गोळा करून डब्यात बंद करा. मास्क, हातमोजे, काम झाल्यावर हात-तोंड धुणं, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत न टाकणं, यात सूट नाही. लहान मुलं आसपास असतील तर सरळ शिसंविरहित कांडी घ्या; ती महाग आणि हट्टी असते, तिचा मऊ पट्टा अरुंद असतो, पण चालते. शेवटी भाग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, साध्या पाण्याने धुऊन, वाळवा. फ्लक्सचं आम्ल राहिलं तर रंगाला फोड येतात.

बाकीचे बदल, थोडक्यात

बॉनेट आणि डिकीवरची चिन्हं, हँडलं काढून भोकं बुजवणं हे सरावासाठी सर्वांत चांगलं काम. खरं तर छताआधी हेच करा. मोठं भोक वेल्डने भरत बसू नका. त्याच जाडीच्या पत्र्याची गोल चकती नेमकी बसवा, मागे तांब्याची पट्टी धरा, समोरासमोर चार टाके, मग वर सांगितलेला क्रम. दरवाजाची हँडलं काढलीत तर कुलूप ओढणाऱ्या विजेच्या सोलेनॉइडबरोबर तारेने ओढायची एक लपवलेली कळही ठेवा, कारण बॅटरी कधी ना कधी उतरणारच.

हेडलाइटच्या कडा मडगार्डमध्ये मिसळून टाकताना तळाशी पाणी निघायला छिद्र ठेवा आणि बल्ब मागून बदलता येतो ना ते वेल्डिंगच्या आधी बघा.

सेक्शनिंग, म्हणजे बॉडीच्या कमरेतून आडवी पट्टी काढून ती बसकी करणं, कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या व्हॅली कस्टम या दुकानाने १९५० च्या फोर्डवर फार सुंदर केलं. पण तिथे जोड गाडीच्या सगळ्या बाजूंनी, लांबच लांब आणि सपाट पत्र्यातून जातो. दोन-तीन छतं हातून गेल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. बसकेपणाच हवा असेल तर बॉडी चासीवर खाली उतरवणं, म्हणजे चॅनलिंग, पत्र्याच्या दृष्टीने सोपं. फरशी उचलावी लागते, पाय ठेवायची जागा जाते, बाहेरचा पत्रा शाबूत राहतो.

रंगाआधी

उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर. पुट्टी लागलीच तर त्यावर, आणि ३ मिलिमीटरपेक्षा जाड कुठेही नाही. काळ्या पावडरचा पातळ हात देऊन लांब फळीवरच्या पॉलिश पेपरने घासा. काळं राहिलं तिथे खळगा. पन्हळीच्या सांध्यात सीलर भरा. पिलरच्या पोकळ्या, नवे कोपरे, दरवाजांचे तळ या ठिकाणी वेल्डिंगने जुना लेप जळालेला असतो आणि तिथे पुन्हा ब्रश पोचत नाही. लांब नळीच्या फवाऱ्याने मेण सोडा, पण रंगकाम उरकल्यावरच. आधी सोडलंत तर मेण फटींतून झिरपून रंग धरू देणार नाही. पाणी निघायची छिद्रं मेणाने बुजली नाहीत ना, तारेने तपासा. काचा आणि रबरं बसली की पाण्याचा पाइप छतावर धरा, आणि कुणालातरी टॉर्च देऊन आत बसवा.